वादीने दावा मागे घेतला

कोर्टातल्या थरारकथा वाचताना बहुतेकांचं लक्ष वकिलावर असतं. माझं वादीवर खिळतं. जॉन ग्रिशमच्या २००८ सालच्या ‘द अपील’मधली ती बाई तर मनातून जातच नाही. मिसिसिपीतल्या एका लहान गावात रसायनांच्या कारखान्याने वर्षानुवर्षं घाण जमिनीत सोडली, ती पाण्यात उतरली, आणि हिचा नवरा आणि मुलगा दोघेही कर्करोगाने गेले. ती दावा लावते आणि जिंकतेही. कंपनीचा मालक मात्र भरपाईची तयारी न करता निराळाच हिशोब मांडतो. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार, तिथले न्यायाधीश निवडणुकीने येतात; तर मग एक न्यायाधीशच निवडून आणावा.

ही नुसती कल्पना नव्हती. वेस्ट व्हर्जिनियात २००२ साली ज्युरीने मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निकाल दिला. अपील सुनावणीला यायच्या आधी, २००४ च्या निवडणुकीत, कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ३० लाख डॉलर ओतले आणि त्याला हवा तो उमेदवार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसला. पुढे निकाल फिरला, तीन विरुद्ध दोन मतांनी, आणि त्या तिघांत हे नवे न्यायाधीश होते. या न्यायाधीशांनी बाजूला व्हायला हवं होतं, असं २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत, म्हणून हे सगळं परक्या मुलखातलं वाटतं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे याच जातीची एक गोष्ट घडली आणि तिच्यात न्यायाधीशाला हात लावायची गरजच पडली नाही. वादीनेच दावा मागे घेतला. वादी होतं महाराष्ट्र शासन.

मी कशेळीला राहते. कनकादित्याचं, राजापुराकडचं कशेळी नव्हे. ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यात शिरताना लागतं ते. पूर्वी भातशेती आणि खाडीतली मासळी. आता काल्हेर, पूर्ण्यापर्यंत गोदामंच गोदामं, मध्येच उभे राहिलेले टॉवर आणि रस्त्यावर मेट्रोचे खांब. माझे सासरे, आमचे अण्णा, भिवंडीत भाड्याच्या शेडमध्ये माग चालवायचे. मागवाल्याच्या घरात विजेचा विषय रोजचा असतो. लाईट गेली की माग थांबतो, कामगार बाहेर ओट्यावर येऊन बसतात, आणि संध्याकाळी किती मीटर कापड कमी उतरलं याचा हिशोब होतो. व्यापाऱ्याला दिलेला शब्द चुकतो तो वेगळाच. २००५ च्या सुमारास राज्यभर भारनियमन होतं तेव्हा अण्णा एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणत: ‘‘आपलं पोट लाईटीवर आहे, आणि लाईट कुणाच्या हातात आहे ते आपल्याला कोणी सांगत नाही.’’

त्या काळात गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या समुद्रकाठी, हजारो कोटींचा वीजप्रकल्प बंद पडून होता. त्या प्रकल्पामुळे मी या विषयाकडे वळले. मी वकील नाही. पण लोकांच्या पोटाचा निर्णय कोर्टात कसा येतो आणि कसा निघून जातो, हे मला त्या प्रकरणाने जितकं शिकवलं तितकं कुठल्या कादंबरीने शिकवलं नाही.

त्या प्रकल्पामागच्या एन्रॉनचं नाव आता तरुणांना सांगावं लागतं. ह्यूस्टनची ही कंपनी १९९२ च्या जूनमध्ये मुंबईत आली आणि काही दिवसांत वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नव्हत्या. जागतिक बँकेने १९९३ मध्ये प्रकल्प तपासून पैसे द्यायला नकार दिला; एवढी वीज, एवढ्या भावाने, महाराष्ट्राला पेलणार नाही असं तिचं मत होतं. तरीही ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदीचा करार झाला. त्यातली कळीची गोष्ट अशी, की प्रकल्प वीज द्यायला तयार असेल तर मंडळाने ती घेवो न घेवो, क्षमतेचा आकार भरलाच पाहिजे. तोही डॉलरशी बांधलेला. वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. प्रकल्प उभारणाऱ्या दाभोळ पॉवर कंपनीत ८० टक्के भाग एन्रॉनचा होता, उरलेला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचा.

मार्च १९९५ मध्ये सरकार बदललं. एन्रॉन समुद्रात बुडवू, ही त्या प्रचारातली भाषा होती आणि लोकांनी ती खरी मानली होती. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने करार तपासला आणि ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं. कंपनीने लंडनमध्ये लवाद सुरू केला. आणि सप्टेंबर १९९५ मध्ये महाराष्ट्र शासन मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हा करार फसवणूक आणि दिशाभूल करून मिळवला आहे, तो मुळातच रद्दबातल ठरवावा, असा दावा.

या जागी मी नेहमी थांबते. एखाद्या राज्याने जगातल्या एका बलाढ्य कंपनीविरुद्ध, स्वतःच्याच आधीच्या सरकारने केलेल्या कराराविरुद्ध, शपथेवर असं म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट होती. हे भाषण नव्हतं. दाव्यातल्या विधानाखाली सत्यापन असतं. खोटं निघालं तर त्याची जबाबदारी असते. तो दावा चालला असता तर कागद पुढे आले असते, अधिकारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले असते, उलटतपासण्या झाल्या असत्या. ग्रिशमच्या पुस्तकात ज्युरीसमोर जे होतं ते इथे न्यायमूर्तींसमोर झालं असतं. कुणी काय ठरवलं, कुणी कुणाला भेटलं, कशाच्या बदल्यात, हे सगळं त्या दाव्याच्या पोटात होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एन्रॉनच्या रिबेका मार्क मातोश्रीवर सत्ताधारी शिवसेनेचे प्रमुख बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या. लगेच फेरवाटाघाटीची समिती नेमली गेली आणि तिने अवघ्या दोनेक आठवड्यांत अहवाल दिला. जानेवारी १९९६ मध्ये मंत्रिमंडळाने नवा करार मान्य केला. प्रकल्प लहान झाला नाही. २०१५ मेगावॅटचा २१८४ मेगावॅट झाला. मग दिल्लीतल्या तेरा दिवसांच्या सरकारने २७ मे १९९६ ला, विश्वासदर्शक ठरावावर लोकसभेत चर्चा चालू असताना, प्रतिहमीला मान्यता दिली. आणि मुंबईतला दावा शासनाने काढून घेतला. फसवणूक झाली होती की नव्हती? झाली असेल तर करार सुधारून ती नाहीशी कशी झाली? झाली नसेल तर शपथेवर ते कोणी लिहिलं? या प्रश्नांची उत्तरं द्यायची वेळ शासनावर आली नाही, कारण ते विचारणारं न्यायासन दाव्याबरोबरच मोकळं झालं होतं.

वादी निघून गेल्यावर सामान्य माणसं आत शिरायचा प्रयत्न करतात. सीटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर १९९६ मध्ये ती फेटाळली गेली. करारावर आधी झालेल्या याचिका निकाली निघाल्या आहेत, तो विषय पुन्हा उघडता येणार नाही, असा रोख होता. मात्र त्याच निकालात न्यायमूर्तींनी शासनाला बोल लावला: प्रकल्प रद्द करताना ज्या स्पर्धात्मक निविदांचा आणि पारदर्शकतेचा आग्रह धरला होता, तो पुन्हा सुरू करताना शासन विसरून गेलं. न्यायासनाला दिसत होतं. पण वादीने स्वतः टाकून दिलेलं गाऱ्हाणं तिसऱ्याच्या हातून ऐकायला न्यायालय तयार नव्हतं.

आपल्याकडे न्यायाची गोष्ट म्हणजे रामशास्त्र्यांची गोष्ट. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश. लहानपणापासून ती ऐकून आपण न्यायाची सगळी भिस्त न्यायाधीशाच्या धैर्यावर टाकली आणि फिर्यादी कोण, याचा विचार करायचं राहूनच गेलं. धीट न्यायाधीश आपल्याकडे पुढेही झाले. बख्तावर लेंटिन यांचं उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंटचं वाटप सरकारच्या हातात होतं, आणि बिल्डरांच्या देणग्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानात येत होत्या. या दोन्हींत देवघेव आहे, असा निकाल लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला दिला आणि अंतुल्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पदावरचा मुख्यमंत्री, तेही दिल्लीत त्याच्याच पक्षाचं भक्कम सरकार असताना! याचिका प. बा. सामंत, मृणाल गोरे यांच्यासारख्यांची होती. मला इथे लेंटिन यांच्याइतकेच तेही मोठे वाटतात. ते कुठल्या तडजोडीला बसले नाहीत. त्यांनी अर्ज मागे घेतला असता तर लेंटिन यांच्या धैर्याला करायला काही उरलंच नसतं.

त्याच प्रकरणाचा फौजदारी भाग मात्र रामदास नायक यांच्या तक्रारीवर वर्षानुवर्षं ‘हा खटला कोणत्या न्यायालयात चालवायचा’ याच वादात राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो उच्च न्यायालयात पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, पाच विरुद्ध दोन मतांनी, तो आपलाच आदेश चुकीचा ठरवला. अंतुल्यांवर दोष कधी सिद्ध झाला नाही.

गुहागरला परत येते. कोर्टात वादी नाही म्हणून गावांतलं गाऱ्हाणं संपलं नव्हतं. अंजनवेल, वेलदूर, काताळवाडी इथल्या लोकांनी मोर्चे काढले, जमावबंदी मोडली, कोठड्या पाहिल्या. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस घुसले आणि घराघरांतून बायकांना ओढून मारहाण झाली. पुरुष मासेमारीला गेले होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये यावर मोठा अहवाल काढला. प्रकल्पाच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कंपनी शासनाला देत होती, हे त्यात नोंदलं आहे. या बायका कुठल्या दाव्यात वादी होत्या? करारावर सही त्यांची नव्हती, हमी त्यांच्या नावाने होती. त्यांच्या वतीने जो वादी कोर्टात उभा होता, त्याचेच पोलीस पहाटे त्यांच्या दारात आले होते.

हीच एन्रॉन आपल्या घरच्या राज्यात कशी वागत होती तेही पाहण्यासारखं आहे. टेक्ससमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडणुकीने येतात आणि एन्रॉन त्यांच्या प्रचाराला देणग्या देणाऱ्यांपैकी होती. प्रिसिला ओवेन यांना १९९४ च्या प्रचारासाठी तिच्याकडून आठ हजारांहून अधिक डॉलर मिळाले. १९९६ मध्ये शाळांच्या करासंबंधीच्या एका खटल्यात एन्रॉनच्या बाजूचा निकाल त्यांनी लिहिला. देणगी तिथल्या कायद्यात बसणारी होती. तिच्यामुळेच तसा निकाल लागला असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. मला लक्षात राहतं ते साल. ज्या वर्षी टेक्ससमध्ये त्या कंपनीला न्यायालयातून बाजूचा निकाल मिळत होता, त्याच वर्षी महाराष्ट्रात तिच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप न्यायालयातून काढून घेतला जात होता. तिथे न्यायाधीशांच्या प्रचारावर खर्च होत होता. इथे, कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीला सांगितल्याप्रमाणे, भारतीयांना प्रकल्प समजावण्यावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले होते. लाच दिल्याचा आरोप कंपनीने कायम नाकारला. तो खरा की खोटा, हे पारखण्याची जागा म्हणजे साक्षीपुरावा, आणि त्याची वेळ कधी आलीच नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली, की २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये राज्यकारभाराचंच अपयश दाखवून दिलं. डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. दुसरा टप्पा जवळजवळ पूर्ण होऊन तसाच पडला. २००५ मध्ये वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, दाभोळचा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला, आणि जानेवारी २००७ पासून भिवंडीचं वीजवितरण टोरेंटकडे आलं. अण्णांच्या हयातीत बिलावरचं नाव बदललं. त्यांचा प्रश्न बदलला नाही.

सीटूचं अपील मात्र सर्वोच्च न्यायालयात होतं. १९९७ मध्ये तिथे ते दाखल करून घेतलं गेलं, पण राज्य शासनाच्या वागणुकीपुरतंच. कराराला हात लावायचा नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आशा वाटली होती. दरम्यान राज्याने न्यायमूर्ती कुर्डुकर यांचा चौकशी आयोग नेमला. केंद्र आणि राज्य यांच्या वादात तोही सर्वोच्च न्यायालयात अडकला. ११ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळं प्रकरण बंद केलं. एवढ्या वर्षांनी चौकशी करण्यात अर्थ नाही, अशी राज्याची भूमिका होती. म्हणजे १९९५ मध्ये ज्याने फसवणुकीचा आरोप केला, १९९६ मध्ये ज्याने तो मागे घेतला, त्याच वादीने २०१९ मध्ये आता उशीर झाला असं सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत एन्रॉनचा माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग अमेरिकेतली शिक्षा भोगून बाहेर आला होता. तिकडे गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा खटला उभा राहिला, चालला, शिक्षा झाली, शिक्षा संपली. इकडे महाराष्ट्राच्या फसवणुकीचा दावा पुराव्यापर्यंतही पोचला नाही.

यावर लोक म्हणतात, राजकारण आहे, असंच चालायचं. मला हे मान्य नाही, आणि रागाने नाही, कायदा वाचून मान्य नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १, नियम ८ असं सांगतो, की अनेकांचं हित एकच असेल तेव्हा एकजण सर्वांच्या वतीने दावा लावू शकतो. पण असा दावा त्याला मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. आधी न्यायालयाने सर्व संबंधितांना नोटीस द्यावी लागते, तीही वादीच्या खर्चाने. सोसायटीच्या चार सभासदांनी बिल्डरवर असा दावा लावला, तर तो मागे घेण्याआधी बाकीच्यांना विचारावं लागतं. फौजदारी खटला सरकारी वकिलाला काढून घ्यायचा असेल तर न्यायालयाची संमती लागते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरी सुरक्षा संहितेत पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि बारा कोटी लोकांच्या वतीने शासनाने लावलेला दिवाणी दावा? तो शासन आपल्या मालकीची वस्तू समजून उचलून नेऊ शकतं. आदेश २३ प्रमाणे वादी आपला दावा सोडायला मोकळा आहे, आणि शासनही तसाच एक वादी.

पण शासन तसा वादी नाही. त्याने हमी दिली ती तुमच्याआमच्या नावाने. मंडळाने वीज घेतली न घेतली तरी द्यायचा आकार भिवंडीतल्या शेडच्या, इचलकरंजीतल्या मागांच्या, गुहागरच्या घरांच्या बिलांतून वसूल व्हायचा होता. नियम ८ मधला समान हितसंबंध याहून स्पष्ट कसा असेल?

अशी नोटीस १९९६ मध्ये निघाली असती तर ती भिवंडीच्या, चिपळूणच्या, मालेगावच्या वर्तमानपत्रांत छापून आली असती: महाराष्ट्र शासन जनतेच्या वतीने दाखल केलेला दावा मागे घेत आहे, हरकत असलेल्यांनी अमुक दिवशी हजर राहावे. वेलदूरच्या बायका आल्या असत्या. अण्णाही गेले असते, ही माझी खात्री आहे. ज्या गोष्टीचं बिल त्यांनी भरलं तिच्याविषयी बोलायला कोणी बोलावलं असतं तर ते माग बंद ठेवून गेले असते. न्यायालयाने सगळ्यांचं ऐकून शेवटी परवानगी दिलीही असती कदाचित. पण शासनाला भर कोर्टात सांगावं लागलं असतं, की फसवणुकीचा आरोप ते का सोडत आहे.

हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही. संहितेच्या कलम १२२ प्रमाणे उच्च न्यायालयाला तिच्या पहिल्या परिशिष्टातल्या नियमांत आपल्यापुरता बदल करता येतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने यापूर्वी असे अनेक बदल केलेले आहेत. नियम ८ मध्ये एक पोटनियम वाढवावा: सार्वजनिक पैशाच्या किंवा हमीच्या संरक्षणासाठी शासनाने लावलेला दावा प्रातिनिधिक समजला जाईल आणि जाहीर नोटिशीशिवाय तो मागे घेता येणार नाही. असा अर्ज वकिलांच्या एखाद्या संघटनेने करावा. भिवंडीच्या वकिलांनी केला तर मला सर्वांत जास्त आनंद होईल.